एमआरपी किती छापणार?

एखादी नवी वैद्यकीय वस्तू घ्या. समजा, टोचून झाल्यावर सुईवर आपोआप टोपण बसणारा आयव्ही कॅन्युला, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत इंट्राकॅथ. ती कारखान्यातून पेशंटच्या हातापर्यंत पोहोचण्याआधी कोणीतरी तीन प्रश्न विचारत असेल अशी आपली भाबडी समजूत असते. ही सुरक्षित आहे का? आज वॉर्डात जी वापरतात तिच्यापेक्षा ही बरी आहे का? हिची किंमत वाजवी आहे का? पहिला प्रश्न सरकार विचारतं, आणि हल्ली बऱ्यापैकी नीट विचारतं. दुसरा विचारणं हे कोणाचंच काम नसतं. तिसऱ्याच्या जागी खासगी हॉस्पिटलाच्या पर्चेस खात्यात भलताच प्रश्न येतो: ‘एमआरपी किती छापणार?’

नीट वाचा. ‘आम्हाला कितीला देणार?’ हा प्रश्न वेगळा, तोही विचारला जातोच. पण त्याच्याबरोबर गिऱ्हाईक विक्रेत्याला म्हणतं, की पाकिटावरची किंमत जरा चढी ठेवा. मंडईत जाऊन ‘मला दहाला द्या, पण पाटीवर साठ लिहा’ असं कोणी म्हणतं का? म्हणेल की. भाजी खाणारा आणि तिचे पैसे देणारा तिसराच कोणी असेल, आणि तो बेडवर आडवा पडलेला असेल, तर नक्की म्हणेल.

चांगली, स्वस्त, नवी उपकरणं आपल्या हॉस्पिटलांत पोहोचत नाहीत याचं खापर आपण सरकारी परवान्यावर फोडतो. माझं म्हणणं असं, की खरा अडथळा परवान्याच्या पुढच्या दारात आहे. त्या दारावर पहारा देणारा माणूस सरकारी नोकर नाही. तो हॉस्पिटलाचा पगारी माणूस आहे आणि त्याच्या हातात कॅल्क्युलेटर आहे.

रकान्यांतलं जग

मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट नाही. पुण्यात इंजिनिअरिंग केलं आणि गेली काही वर्षं हॉस्पिटलांना लागणारं सॉफ्टवेअर लिहितो: स्टोअर, खरेदी, फार्मसी, बिलिंग. या सॉफ्टवेअरच्या पोटात ‘आयटम मास्टर’ नावाचा एक तक्ता असतो. हॉस्पिटलात वापरली जाणारी प्रत्येक वस्तू म्हणजे त्यातली एक ओळ. कापसापासून स्टेंटपर्यंत सगळं. ज्या वस्तूची ओळ नाही तिचा इंडेंट टाकता येत नाही, ती मागवता येत नाही, बिलात लावता येत नाही. दिल्लीहून कितीही शिक्के आणलेत तरी या तक्त्यात जागा मिळेपर्यंत तुमची वस्तू त्या हॉस्पिटलापुरती अस्तित्वातच नसते. ‘हॉस्पिटलने प्रॉडक्ट अप्रूव्ह केलं’ याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ एवढाच: ओळ उघडली.

या ओळीत काय काय भरतात? नाव, कंपनी, डिस्ट्रिब्युटर, पॅक साइज, एचएसएन कोड, जीएसटी, खरेदी दर, स्कीम (शंभर घेतले की किती फुकट), एमआरपी आणि शेवटी मार्जिन, रुपयांत आणि टक्क्यांत. एका हॉस्पिटलाच्या फार्मसी प्रमुखांनी आम्हाला स्पष्ट रिक्वायरमेंट दिली होती: एकाच प्रकारच्या तीन-चार वस्तू असतील तर जास्त मार्जिनवाली यादीत सर्वांत वर दिसली पाहिजे. मीटिंगमध्ये कोणाची भुवईसुद्धा हलली नाही. चहा आला, पुढचा मुद्दा सुरू झाला.

‘सिस्टरांचा अभिप्राय’ असा रकाना मी आजवर कुठल्याही हॉस्पिटलाच्या मागणीत पाहिलेला नाही. ‘किती वेळा गळाला’, ‘दुसऱ्यांदा टोचावं लागलं का’, ‘किती दिवस टिकला’ हेही नाही. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट कळते. एखादी संस्था कशाची काळजी करते हे तिच्या भिंतीवरच्या ‘मिशन’च्या पाटीवर शोधू नये. तिच्या डेटाबेसचे रकाने बघावेत.

परवान्याला शिव्या घालणं सोपं आहे

माझ्या पिढीतल्या स्टार्टअपवाल्यांचं आवडतं रडगाणं म्हणजे ‘इंडियात रेग्युलेशनमुळे इनोव्हेशन मरतं’. प्रत्येक पॉडकास्टमध्ये कोणी ना कोणी हे म्हणतंच. वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत हे कितपत खरं आहे ते बघू.

आपल्याकडे १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. कित्येक दशकं त्याच्याखाली मोजकीच उपकरणं ‘औषध’ म्हणून नोंदवलेली होती. बाकीची हजारो उपकरणं बाजारात अशीच येत-जात होती, त्यांना ‘काय रे बाबा, कुठून आलास?’ असं विचारणारंही कोणी नव्हतं. मग २०१७ साली वैद्यकीय उपकरणांसाठी वेगळे नियम आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली. परवान्याची सक्ती टप्प्याटप्प्याने झाली: कमी धोक्याच्या ‘ए’ आणि ‘बी’ वर्गाला ऑक्टोबर २०२२ पासून, जास्त धोक्याच्या ‘सी’ आणि ‘डी’ वर्गाला ऑक्टोबर २०२३ पासून. इंजेक्शनची सुई ‘बी’मध्ये, व्हेंटिलेटर ‘सी’मध्ये, हृदयाची कृत्रिम झडप ‘डी’मध्ये. इथे बनणाऱ्या ‘ए’ आणि ‘बी’ वर्गाच्या वस्तूंचा परवाना राज्य देतं, म्हणजे महाराष्ट्रात एफडीए. ‘सी’, ‘डी’ आणि आयात होणारं सगळं काही केंद्राच्या सीडीएससीओकडे.

२०१७च्या नियमांतल्या तक्त्यानुसार ‘बी’ वर्गातली वस्तू बनवायच्या परवान्याची फी कारखान्याच्या जागेसाठी ५,००० रुपये आणि प्रत्येक वस्तूसाठी ५०० रुपये. याच्या कैकपट खर्च आमच्यातले काही जण लिंक्डइनवर जाहिरात करण्यात उडवतात. खरा खर्च त्याच्या अलीकडे असतो: आयएसओ १३४८५ प्रमाणे कारखान्याची शिस्त लावणं, निर्जंतुकीकरण खरंच होतं हे सिद्ध करणं, प्लास्टिकमधून रक्तात काय उतरतं याच्या चाचण्या करणं, नोटिफाइड बॉडीचं ऑडिट. या सगळ्यात महिने जातात, डोकं उठतं, फायली परत येतात. हे मान्य. पण ज्या वस्तूचं टोक माझ्या आजीच्या शिरेत जाणार आहे तिला हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. ‘आधी रिलीज करा, बग नंतर बघू’ हे आमचं धोरण जेवण मागवायच्या ॲपसाठी ठीक आहे. शिरेत रोलबॅक नसतो.

आणि परवाना काय सांगतो, काय सांगत नाही, हेही लक्षात घ्या. परवाना म्हणतो, की ही वस्तू विकायला हरकत नाही. ती शेजारच्या वस्तूपेक्षा बरी आहे असं तो म्हणत नाही. बाजारात आधीपासून असलेल्या वस्तूसारखीच ती आहे असं दाखवता आलं, तर बहुतेक वेळा पेशंटवर चाचणी करायची गरजही पडत नाही. म्हणजे ‘बरी कोणती?’ हे ठरवायचं काम हॉस्पिटलावर सोडलेलं आहे. हॉस्पिटल ते काम करत नाही. माझी तक्रार इथे सुरू होते.

उलटा बाजार

एक साधं गणित करू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन कॅन्युला आहेत. दोन्ही हॉस्पिटलला ३० रुपयांना पडतात. ‘अ’वर एमआरपी ४५, ‘ब’वर १८०. पेशंटच्या बिलात एमआरपीच लागते. ‘अ’ वापरला तर हॉस्पिटलला १५ रुपये सुटतात, ‘ब’ वापरला तर १५०. आता ‘अ’ कितीही चांगला असो, त्याच्यामुळे सुया टोचायच्या थांबोत, पेशंटचा हात सुजायचा थांबो, पर्चेसच्या स्क्रीनवर तो तळालाच राहणार. ‘अ’ बनवणाऱ्याकडे दोनच रस्ते उरतात: १८० छापा किंवा घरी जा.

बाकी बाजारात स्पर्धा वाढली की किंमत उतरते. इथे स्पर्धा वाढली की छापील किंमत चढते, कारण स्पर्धा पेशंटला स्वस्त देण्यासाठी चाललेलीच नाही. ती हॉस्पिटलला जास्त उरवून देण्यासाठी चालली आहे.

‘पण एमआरपीवर सरकारचं नियंत्रण असतं ना?’ असं तुम्ही म्हणाल. एमआरपीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे, बरोबर. पण ती किती असावी हे बहुतांश वस्तूंच्या बाबतीत उत्पादकच ठरवतो. औषधांच्या किमतींचा २०१३चा आदेश सांगतो, की ज्यांच्या किमतीवर थेट मर्यादा नाही त्यांची एमआरपी वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येणार नाही. हेतू चांगला. पण व्यापाऱ्याच्या नजरेने बघा: नंतर फारशी वाढवता येणार नसेल, तर पहिल्या दिवशीच आभाळाला टेकणारी छापून ठेवलेली बरी. नियमाने वाढ रोखली, सुरुवात मोकळी सोडली.

हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. २०१५ साली दिल्लीतल्या एका ग्राहकाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. एका बड्या खासगी हॉस्पिटलच्या फार्मसीत त्याला एक सिरिंज १९ रुपये ५० पैशांना मिळाली. त्याच कंपनीची तीच सिरिंज बाहेरच्या दुकानात १० रुपयांना होती आणि तिच्यावर छापलेली एमआरपी होती ११ रुपये ५० पैसे. वस्तू एक, एमआरपी दोन. एक बाहेरच्या जगासाठी, एक आत अडकलेल्यांसाठी. आयोगाने २०१८च्या ऑगस्टमध्ये तपासाची व्याप्ती वाढवली. एकदा भरती झालेला पेशंट बाहेरून वस्तू आणायच्या स्थितीत नसतो, हा मुद्दा त्यांनी नेमका पकडला होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांच्या बिलांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. काही वस्तूंवरचं मार्जिन १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेलं होतं. औषधं, कन्झ्युमेबल्स आणि तपासण्या मिळून बिलाचा जवळजवळ निम्मा भाग व्यापत होत्या. आणि प्राधिकरणाने स्वच्छ शब्दांत म्हटलं होतं, की मोठ्या ऑर्डरी देणाऱ्या हॉस्पिटलांची गरज भागवायला उत्पादक फुगवलेल्या किमती छापतात. एका सरकारी संस्थेने हे लिहिलंय. आपण ते वाचलं, चॅनेलवर दोन दिवस आरडाओरडा झाला, मग विसरलो.

त्याआधी २०१७च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतींना लगाम लागला. औषधाचा थर असलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये. त्याआधी याच वस्तूसाठी लोक लाखाच्या वर मोजत होते. स्टेंट दुर्मीळ धातूचे नव्हते, मधल्या हातांची साखळी लांब होती.

‘मग आयसीयू कशावर चालवायचा?’

हॉस्पिटलवाल्यांचा बचाव मी अनेकदा ऐकला आहे आणि तो सरसकट खोटा नाही. ते म्हणतात, बेडचं भाडं, सिस्टरांचा पगार, चोवीस तास जागा असणारा आयसीयू, बुडालेली बिलं, इन्शुरन्स कंपन्यांनी महिनोन्‌महिने अडकवलेले पैसे, हा खर्च कुठून काढायचा? खोलीचं भाडं वाढवलं की पेशंट पळतो. सिरिंजवर कोणी घासाघीस करत नाही. म्हणून तोटा तिथून भरून काढतो.

ठीक. मग आयसीयूचा खरा दर लावा आणि तो लिहून दाखवा. सेवेची किंमत वस्तूच्या पाकिटात लपवण्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे पेशंटला फसल्यासारखं वाटतं, आणि त्याला तसं वाटण्यात काही चूक नाही. दुसरा परिणाम जास्त घातक आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही: कोणती वस्तू शरीरात जाईल याचा निर्णय तिच्यात किती पैसा लपवता येतो यावर ठरू लागतो. सिरिंज हे उपकरण राहत नाही, ती गल्ला बनते. गल्ला निवडताना गळतो का, टोचतो का हे कोण बघतं?

सरकारी दवाखान्यात दुसरं टोक

मग सरकारी खरेदीत तरी चांगल्या वस्तूला जागा मिळते का? तिथे मार्जिनचा प्रश्न नाही. तिथे एल-वन आहे: कागदावरच्या अटी पूर्ण करणाऱ्यांत जो सर्वांत स्वस्त, त्याला ऑर्डर. आणि त्या अटींत ‘मागच्या तीन वर्षांची उलाढाल’ आणि ‘याआधी पुरवठा केल्याचा दाखला’ या जुन्या सोबतिणी असतात. नव्या कंपनीने आधी पुरवठा केल्याशिवाय पुरवठा करता येत नाही. केंद्राच्या २०१७च्या वित्तीय नियमांत स्टार्टअपना या अटींतून सूट देण्याची तरतूद आहे, पण सूट देणं खरेदी करणाऱ्याच्या हातात आहे. आणि उद्या काही बिघडलं तर सूट देणाऱ्याचीच चौकशी होणार, मग तो कशाला सूट देईल?

खासगीत जास्तीत जास्त एमआरपी, सरकारीत कमीत कमी दर. दोन्हीकडे एकच आकडा बघून निर्णय होतो, फक्त यादी उलटी लावलेली असते. वापरणाऱ्याचं मत दोन्हीकडे नाही. २०२१च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर एक प्रकरण आलं. पीएम केअर्समधून तिथल्या शासकीय रुग्णालयासाठी १५० व्हेंटिलेटर आले होते आणि वापरायला काढलेले ११३ सदोष असल्याचा अहवाल होता. केंद्राचं म्हणणं पडलं, की दोष यंत्रात नसून रुग्णालयाच्या व्यवस्थेत आणि वापरात आहे. कोण खरं, यात मी पडत नाही. महासाथीत घाई होते हेही कळतं. पण ऑक्सिजनचा दाब किती, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कोण देणार, बिघडलं तर कोण येणार, हे प्रश्न यंत्र येण्याआधी त्या वॉर्डाला विचारले गेले असते तर ते न्यायालयात विचारायची वेळ आली नसती.

ज्या खोलीत सिस्टर नाहीत

पर्चेस कमिटीत कोण बसतं? मेडिकल डायरेक्टर किंवा त्यांचा प्रतिनिधी, पर्चेस मॅनेजर, अकाउंट्स, फार्मसी, कधी एखादे सीनियर डॉक्टर. फार तर मेट्रन, आणि त्याही बहुधा ऐकायला. दिवसातून वीस वेळा कॅन्युला हातात धरणारी सिस्टर तिथे नसते. कॅन्युला टोचायचं काम तिचं, पेशंट ओरडला तर शिव्या तिला, वापरलेली सुई स्वतःच्या बोटात घुसली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची धास्तीही तिलाच. नीडल प्रिक झाल्यावर रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे जातात हे ओळखीतल्या कोणत्याही सिस्टरला विचारा. सुरुवातीला म्हटलेल्या टोपणवाल्या कॅन्युलाचा फायदा मुख्यतः तिला आहे. म्हणूनच तो हॉस्पिटलच्या हिशेबात दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत थॉमस शॉ नावाच्या टेक्सासमधल्या इंजिनिअरने इंजेक्शन दिल्यावर सुई आपोआप आत ओढून घेणारी सिरिंज बनवली. तिथल्या एफडीएची मान्यता मिळाली. नर्सेसना ती आवडली. तरीही अनेक हॉस्पिटलांची दारं बंदच राहिली, कारण त्यांची खरेदी मोठ्या खरेदी-संघांमार्फत होत होती आणि त्या संघांचे करार आधीच्या बड्या कंपनीशी होते. शॉ यांची कंपनी कोर्टात गेली आणि २००४ साली त्या बड्या सिरिंज कंपनीने १० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मान्यता एका दारावर, अडवणूक दुसऱ्या दारावर, ही गोष्ट तिथेही तीच.

फरक एवढा, की तिथे एक कायदाही झाला. नोव्हेंबर २०००मध्ये सुई टोचण्यापासून संरक्षण देणाऱ्या अमेरिकी कायद्यावर सही झाली. त्यात एक कलम आहे: सुरक्षित उपकरणं निवडताना पेशंटची थेट काळजी घेणाऱ्या, मॅनेजर नसलेल्या कर्मचाऱ्यांचं मत घेतलं पाहिजे आणि तशी लेखी नोंद ठेवली पाहिजे. मला हे कलम फार आवडतं. त्यात कुठलंही थोर तंत्रज्ञान नाही. जिच्या बोटात सुई घुसणार तिला विचारा, एवढंच.

आत गेल्यावर पुढे काय?

ओळ उघडली, वस्तू वापरात आली. आता ती बिघडली तर? आपल्याकडे २०१५पासून वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत तो चालतो. तुमच्या ओळखीतल्या किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय?

नोंद नसली की काय होतं ते एका कृत्रिम खुब्याने दाखवून दिलं आहे. डिप्यू कंपनीचा एएसआर हा सांधा ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला होता. केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७मध्ये. तोवर बऱ्याचशा पेशंटचा पत्ताच लागत नव्हता. धातूचा सांधा शरीरात, आणि तो कोणाच्या शरीरात आहे हे कोणाला ठाऊक नाही!

इथे मला माझ्या कामाबद्दल बोलावंच लागेल. बॅच नंबर प्रत्येक हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. माल आला की भरतात, एक्स्पायरी सांभाळायला लागतो. बिलातही कोणत्या पेशंटला काय लावलं ते असतं. ‘अमुक बॅच कोणाकोणाला गेली?’ हे काढणं म्हणजे दोन-तीन तक्ते जोडणारी एक क्वेरी आहे. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी लिहील. बिल बुडवून गेलेल्या पेशंटचा फोन नंबर हॉस्पिटल पाच मिनिटांत शोधतं. सदोष वस्तू बसवलेल्या पेशंटचा नंबरही त्याच तक्त्यात असतो.

मागायचं काय?

एक: मार्जिनची मोजणी उत्पादकाच्या पहिल्या विक्रीच्या दरापासून व्हावी आणि त्याला सगळ्या कन्झ्युमेबल्सवर मर्यादा असावी. हे अशक्य नाही, आपण करून बसलोय. २०२१च्या जूनमध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आणि जुलैत पल्स ऑक्सिमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर, ग्लुकोमीटर या पाच वस्तूंवर डिस्ट्रिब्युटरला मिळणाऱ्या दराच्या वर ७० टक्के अशी मर्यादा घातली गेली. त्याआधी या पाच वस्तूंवरचं मार्जिन ७०९ टक्क्यांपर्यंत होतं. बाजार कोसळला नाही. दुकानं चालू आहेत.

दोन: नवी वस्तू घेण्याआधी वॉर्डात दोन आठवडे वापर, सिस्टरांची लेखी नोंद, आणि कमिटीत त्यांचं मत मोजलं जाणं. सरकारी टेंडरमध्येही या नोंदीला गुण असावेत. मग नव्या कंपनीला तीन वर्षांच्या उलाढालीऐवजी तीन वॉर्डांचा अनुभव दाखवता येईल.

तीन: शरीरात बसवलेल्या प्रत्येक वस्तूचा बॅच नंबर पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर.

आणि तुम्ही? तुमच्यापैकी बहुतेकांचे आईबाबा आता साठीकडे झुकलेत. पुढचं बिल बाबांच्या चेकबुकातून जाणार नाही, तुमच्या फोनवरून जाणार आहे. मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत औषधं कुठून घ्यायची हे निवडण्याचा हक्क आहे. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉस्पिटलच्या आतल्या फार्मसीच्या सक्तीबद्दलची याचिका निकाली काढताना धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं. म्हणजे चेंडू आपल्या राज्याच्या अंगणात आहे, आणि आपल्या आमदाराला मेसेज करता येतो. तोवर निदान वस्तूवार बिल मागा. आयसीयूबाहेर बसल्यावर फोनमध्ये तोंड घालण्याऐवजी आणायला सांगितलेल्या वस्तूंच्या पाकिटांचे फोटो काढून ठेवा: कंपनी, बॅच, एमआरपी. बाहेरचा दर शोधायला दोन मिनिटं लागतात. डॉक्टरांशी, सिस्टरांशी भांडू नका, त्यांनी ती किंमत छापलेली नाही. बिलिंग काउंटरवर विचारा, आणि लेखी विचारा.

माझ्या व्यवसायातल्या मित्रांना एकच सांगणं आहे. पुढच्या वेळी नियमांना नावं ठेवायच्या आधी, तुमची वस्तू चांगली असूनही ज्या हॉस्पिटलने परत पाठवली त्याने नेमकं कोणतं कारण दिलं ते चारचौघांत सांगा. परवाना नसल्याचं कारण होतं, की एमआरपी कमी असल्याचं? आज हे सगळे खासगीत बोलतात आणि स्टेजवर गप्प बसतात.

आयटम मास्टरमध्ये एक नवा रकाना जोडायला मला अर्धा दिवस लागतो, टेस्टिंग धरून एक. ‘वापरणाऱ्यांचं मत’ हा रकाना आजवर कोणी मागितलेला नाही. मागा.